झांबेझीकाठी दिवाळीत जावं की जूनमध्ये?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"आम्ही पाच जण: मी, नवरा, मुलगा (वय १४), मुलगी (वय ९) आणि सासूबाई (वय ६८). आफ्रिकेच्या दक्षिण भागात दहा-अकरा दिवस जायचं आहे. व्हिक्टोरिया फॉल्स, चोबे, ओकावांगो, क्रूगर आणि केप टाउन अशी यादी केली आहे. मुलाला राफ्टिंग करायचंय, मुलीला होडीतून पाणघोडे बघायचेत, नवऱ्याला धबधब्याच्या काठावरच्या डेव्हिल्स पूलमध्ये उतरायचंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शुद्ध शाकाहारी आहेत, पण हौस दांडगी. एजंट म्हणतो दिवाळीच्या सुट्टीत जा, तेव्हाच राफ्टिंग आणि तो पूल दोन्ही मिळतं. बरोबर आहे का? आणि तयारी काय करायची?"

ताई, एजंटचं म्हणणं खोटं नाही, पण ते तुमच्या घराला लागू पडत नाही. पाण्याचं गणित आधी सांगतो. उरलेले सगळे निर्णय त्यावरून सुटतात.

व्हिक्टोरिया फॉल्स ज्या नदीवर आहे त्या झांबेझीच्या वरच्या खोऱ्यात, म्हणजे अंगोला आणि पश्चिम झांबियात, पाऊस नोव्हेंबर ते मार्च पडतो. ते पाणी वाटेतल्या सपाट पूरमैदानांत पसरतं, रेंगाळतं आणि मग सावकाश खाली येतं. म्हणून व्हिक्टोरिया फॉल्सला सर्वांत जास्त पाणी पावसात नसतं, पाऊस संपल्यावर साधारण एप्रिलमध्ये असतं. तिथून ते उतरत जातं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला तळ गाठतं. धबधब्याची रुंदी १७०८ मीटर, उंची १०८ मीटर. दिवाळीच्या सुमाराला या रुंदीतला झांबियाकडचा मोठा भाग नुसता काळा कातळ असतो. झिंबाब्वेकडच्या बाजूला बारमाही धार असते, पण 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गरजणारा धूर, हे नाव ज्यामुळे पडलं ते दृश्य तेव्हा नसतं.

पाणी कमी असतं म्हणूनच त्या दिवसांत डेव्हिल्स पूल उघडतो. काठावरच्या खडकाची नैसर्गिक भिंत तेव्हा उघडी पडते आणि माणूस वाहून जात नाही. साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाण्याच्या पातळीप्रमाणे तो चालू असतो. खालच्या बाटोका घळीतलं राफ्टिंगही ऑगस्ट ते डिसेंबर या काळात सर्वांत चांगलं. पण त्याला किमान वय १५ लागतं आणि ही अट तिथे मनापासून पाळतात, कारण या घळीतले काही प्रवाह पाचव्या श्रेणीचे, म्हणजे अतिशय अवघड आहेत. बोट उलटणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. शिवाय दिवसाच्या शेवटी दोनशे मीटरहून जास्त खोल घळीतून उन्हात पायी वर चढून यावं लागतं. तुमचा मुलगा १४ चा. म्हणजे ज्या राफ्टिंगसाठी दिवाळी धरायची, ते त्याला मिळणारच नाही. डेव्हिल्स पूलमध्ये नवरा आणि कदाचित मुलगा उतरू शकेल. मुलगी आणि सासूबाई नाहीत. एका माणसाच्या अर्ध्या तासासाठी पाच जणांचा हंगाम ठरवू नका.

दिवाळीच्या दिवसांत तिथे दुपारी पारा ३८-४० पर्यंत जातो. पहिले वळीव सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर मलेरियाचा हंगामही. एक गोष्ट मात्र दिवाळीच्या बाजूने आहे. रानातली पाणवठ्याची डबकी आटलेली असतात, त्यामुळे जोराचा पाऊस येईपर्यंत प्राणी नदीकाठी दाटीने दिसतात.

आमचा सल्ला जूनचा पहिला आणि दुसरा आठवडा. आपल्या शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात, तेवढ्यात परत येता. धबधबा तेव्हा पूर्ण रुंदीने कोसळत असतो आणि एप्रिलइतका तुषारांचा पडदा नसल्यामुळे दिसतोही. पाऊस जवळजवळ नसतो, डास कमी असतात, दुपारी २५ च्या आसपास सुखद हवा. पहाटे मात्र उघड्या जीपमध्ये सहा-सात अंशांची थंडी अंगावर येते. आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून नुसते सुती कपडे नेणारे पहिल्याच सकाळी कुडकुडतात. प्रत्येकाला कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट हवंच.

आता यादी. केप टाउन आणि क्रूगर अभयारण्य काढून टाका. दक्षिण आफ्रिका हा वेगळा देश, त्याचा वेगळा व्हिसा आणि मध्ये दोन-तीन विमानं. दहा दिवसांतले तीन दिवस विमानतळावरच जातील. ओकावांगो काढा म्हणताना आम्हालाही वाईट वाटतं. समुद्राला न मिळता वाळवंटात विरून जाणारी ही नदी आहे आणि २०१४ मध्ये तिचा त्रिभुज प्रदेश जागतिक वारशाच्या यादीतलं हजारावं स्थळ ठरला. पण आतल्या कॅम्पवर छोट्या विमानानेच जावं लागतं. त्यात माणशी २० किलो सामान, हातातल्या पिशवीसकट. बॅग मऊ हवी, चाकं नकोत, कारण सामानाची खोबण सुमारे २५ × ३० × ६२ सेंटिमीटरची असते. बऱ्याच कॅम्पवर मोकोरोला, म्हणजे बांबूसारख्या काठीने रेटत नेतात त्या अरुंद होडीला, आणि पायी भटकंतीला लहान मुलांना घेत नाहीत. पैसे सर्वांत जास्त तिथे लागतील आणि मुलगी कॅम्पवर बसून राहील. ती १३-१४ ची झाली की वेगळी सहल ओकावांगोचीच करा.

उरलं काय? झिंबाब्वेतल्या व्हिक्टोरिया फॉल्स गावात चार रात्री आणि बोत्स्वानात चोबे नदीकाठच्या कसाने गावात चार रात्री. दोन्हींत अंतर सुमारे ८० किलोमीटर. एवढ्या टापूत धबधबा, पाणघोडे, मगरी आणि हत्तींचे कळप सगळं बसतं. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरचं 'काझा' हे संयुक्त संरक्षित क्षेत्र सुमारे ५,२०,००० चौरस किलोमीटरचं आहे. तिथे २०२२ च्या हवाई गणनेत २,२७,९०० हत्तींचा अंदाज निघाला. आफ्रिकेतले सवाना हत्ती सर्वांत जास्त इथेच आहेत आणि चोबेचा काठ त्यांना जवळून बघण्याची सर्वांत सोपी जागा. गेंडा मात्र चोबेच्या काठावर दिसेल अशी आशा मुलांना दाखवू नका.

मुंबईहून आदिस अबाबामार्गे व्हिक्टोरिया फॉल्सला जाता येतं. नैरोबीमार्गेही पर्याय असतो. तिकिटं काढण्याआधी व्हिसाच्या नोंदी मोजा, कारण बहुतेक कुटुंबं अडकतात ती इथे. समजा तुम्ही झिंबाब्वेत उतरलात, एक दिवस पलीकडे झांबियात जाऊन आलात, मग बोत्स्वानात जाऊन परतीच्या विमानासाठी पुन्हा झिंबाब्वेत आलात, तर झिंबाब्वेत तीन प्रवेश झाले. दोन प्रवेशांचा व्हिसा असेल तर तिसऱ्या वेळी सीमेवर नवा काढावा लागेल किंवा अडून बसावं लागेल. उपाय सोपा आहे. झांबियाची बाजू बघायचीच असेल तर तिथून परत फिरू नका. झांबियातूनच काझुंगुलाच्या पुलावरून थेट बोत्स्वानात उतरा. २०२१ मध्ये खुला झालेला हा पूल ९२३ मीटर लांब आहे. मग बोत्स्वानातून झिंबाब्वेत या, म्हणजे प्रवेश दोनच होतात. लक्षात ठेवा, झिंबाब्वे-बोत्स्वाना सीमेवरच्या रस्त्याच्या नाक्याचं नावही काझुंगुलाच आहे. गाडी ठरवताना कोणत्या काझुंगुलाला यायचं ते देशाच्या नावासकट लिहून घ्या. भारतीय पासपोर्टसाठी त्या महिन्यात कोणता व्हिसा कुठे मिळतो ते प्रत्येक देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. एजंटचा जुना कागद प्रमाण मानू नका.

धबधब्याजवळचा १९०५ चा लोखंडी पूल चालत बघायचा असेल तर झांबियाचा व्हिसा लागत नाही. झिंबाब्वेच्या नाक्यावर पासपोर्ट दाखवून पुलापुरती चिठ्ठी मिळते.

चोबेवर हाउसबोटीत राहायचं आमिष एजंट दाखवेल. त्यातल्या बऱ्याच बोटी नदीच्या नामिबियाच्या बाजूला नांगरलेल्या असतात. तिथे राहायचं म्हणजे बोत्स्वानातून बाहेर, नामिबियात आत, आणि परत तोच खटाटोप. तुमच्या वेळापत्रकात हे नको.

मुलांचे जन्मदाखले न्या. आई-वडील दोघांचीही नावं असलेल्या दाखल्याची प्रमाणित प्रत बोत्स्वाना २०१६ पासून मागतं. आपल्याकडचा दाखला मराठी-इंग्रजी असतो, ते ठीक. पण अनेक दाखल्यांवर मुलाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. आजच कपाटातून काढून बघा. नाव नसेल तर महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदवून नवा दाखला घ्यायला वेळ लागतो. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर लग्नाच्या दाखल्याची प्रतही ठेवा.

आरोग्याचं नीट वाचा, विशेषतः सासूबाईंसाठी.

भारताच्या यादीत इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचे (यलो फीव्हरचे) देश आहेत. तिथून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. नुसतं विमान बदललं तर सूट मिळूही शकते, पण ती विमानतळावरच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या मान्यतेवर असते. विमान चुकून रात्र शहरात काढावी लागली तर तीही जाते. लस केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, त्या यादीत नसलेल्या दवाखान्यात घेतलेली चालत नाही. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. दीड-दोन महिने आधी वेळ घ्या. मात्र ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. सासूबाईंनी आधी आपल्या डॉक्टरांकडे जावं. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा थायमस ग्रंथीचा आजार असेल तर लस घेऊ नये. लस न देण्याचं ठरलं तर वैद्यकीय सवलतीचं पत्र त्या केंद्राकडूनच घ्या, आणि त्यांच्यासाठी पीतज्वराच्या देशात न थांबणारा मार्ग मिळतो का तेही तपासा.

मलेरिया जूनमध्ये कमी असतो, संपलेला नसतो. तिथला मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, जो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, आणि त्यावर क्लोरोक्विन चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची असते, तीही स्निग्ध खाण्याबरोबर किंवा दुधाबरोबर. नऊ दिवस त्या भागात असाल आणि एक दिवस आधी सुरू केली तर माणशी १७ दिवसांचं औषध लागतं. मुलांचा डोस वजनावर ठरतो. ही गोळी आपल्याकडे प्रत्येक दुकानात नसते, महिनाभर आधी सांगून मागवा. डॉक्सिसायक्लिन सहज मिळतं आणि आठ वर्षांवरच्या मुलांना चालतं. पण ते परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं आणि उन्हाने त्वचा भाजते. दिवसभर उघड्या बोटीत बसणाऱ्याला ते त्रासाचं. निवड डॉक्टरांनीच करावी, कारण सासूबाईंची चालू औषधं बघावी लागतील.

खोकल्याचं औषध जपून. आपल्याकडच्या काही सिरपमध्ये डायफेनहायड्रामिन असतं आणि झांबियात ते नियंत्रित औषधांत मोडतं. त्यावरून परदेशी प्रवाशांना अटक झाली आहे. कोडीनवालं सिरपही नको. झांबियात जाणार असाल तर असली बाटली घरीच ठेवा. बाकीची औषधं मूळ वेष्टनात आणि इंग्रजीतल्या चिठ्ठीसह न्या. मुलाची ती लष्करी ठिपक्यांची पँटही नको. या तिन्ही देशांत साध्या नागरिकाने असा कपडा घालणं कायद्याविरुद्ध आहे. मातकट, खाकी, फिकट हिरवे कपडे घ्या.

आता प्रत्यक्ष सहल. धबधबा झिंबाब्वेच्या बाजूने बघा. वाट बरीचशी सपाट, फरसबंद आणि झाडीतून जाते. सासूबाई काठी घेऊन सावकाश चालू शकतील, बसायला बाकं आहेत. शेवटच्या टोकाला, डेंजर पॉइंटला, खडक ओला आणि निसरडा असतो. तिथे कठडा नाही. सासूबाईंना तिथे नेऊ नका आणि मुलीचा हात सोडू नका. जूनमध्ये समोरच्या तुषारांनी माणूस आषाढात भिजावा तसा भिजतो. छत्रीचा उपयोग नाही, कारण पाणी खालूनही येतं. गुडघ्याखाली जाणारा रेनकोट, पायाला घट्ट पट्ट्यांच्या सँडल आणि मोबाइलसाठी पाणबंद पिशवी हवी. कॅमेऱ्याची काच पुसायला कोरडी फडकी तीन-चार घ्या, एक दोन मिनिटांत भिजतं. हातात खाऊची पिशवी अजिबात नको. बबून माकडं ती हिसकावतात आणि त्यांचे सुळे आपल्या माकडांपेक्षा फार मोठे असतात.

दिनदर्शिका काढून जूनची पौर्णिमा बघा. पाणी भरपूर असलेल्या महिन्यांत पौर्णिमेला आणि तिच्या आगेमागेच्या रात्री उद्यान रात्रीही उघडतात आणि तुषारांत चांदण्याचं इंद्रधनुष्य दिसतं. तारखा जुळत असतील तर बाकी सगळं त्याभोवती बसवा.

खर्चाला हात सैल सोडायचाच असेल तर तो हेलिकॉप्टरच्या बारा-तेरा मिनिटांच्या फेरीवर. पाणी जास्त असताना जमिनीवरून धबधब्याचे तुकडे दिसतात. तो जमिनीच्या भेगेत कसा कोसळतो आणि खालची घळ कशी नागमोडी वळते, हे वरूनच कळतं. सासूबाईंनाही हे सहज जमतं.

मुलाच्या राफ्टिंगचं काय? धबधब्याच्या वरच्या अंगाला झांबेझी रुंद आणि संथ आहे. तिथे दोघांच्या फुगवलेल्या कनूतून, म्हणजे हलक्या अरुंद होडीतून, अर्धा दिवस वल्हवत जाता येतं. मुलगा आणि त्याचे बाबा एका कनूत बसू शकतात. वयाची अट प्रत्येक कंपनीची वेगळी, आधी लेखी विचारा. मुलीसाठी आणि तुमच्यासाठी त्याच पाण्यावर मोठा तराफा मिळतो, तो वाटाड्याच वल्हवतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीकडे ठरवलं तर सगळे बरोबर राहता. सासूबाईंना त्या दिवशी संध्याकाळची मोठी बोट.

कनूत खरी भीती मगरीपेक्षा पाणघोड्याची. तो चिडला नसला तरी घाबरला की खोल पाण्याकडे धावतो आणि मध्ये कनू आली तर उलटवतो. म्हणून वाटाडे काठाच्या उथळ पाण्यातून जातात आणि वल्हं कनूच्या कडेवर आपटत आवाज करतात, म्हणजे पाण्याखालचा पाणघोडा डोकं वर काढून आपली जागा दाखवतो. नियम तीनच: वाटाड्याच्या मागे रांगेत राहायचं, पाणघोडा आणि खोल पाणी यांच्या मध्ये यायचं नाही, आणि हात पाण्यात सोडायचा नाही. हा शेवटचा मगरींसाठी. सुरक्षा जाकिटाची बक्कलं स्वतः ओढून बघा. मुलीच्या जाकिटाचे खांदे धरून वर उचला. ते कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदलून मागा.

नदीच्या संथ, गवताळ कडेला किंवा डबक्यात पोहू देऊ नका. तिथल्या गोगलगायींतून बिलहार्झिया या रोगाचा परजीवी त्वचेतून शरीरात शिरतो. चुकून पडलंच कोणी तर टॉवेलने लगेच खसखसून पुसा आणि परतल्यावर सहा-आठ आठवड्यांनी डॉक्टरांना सांगून तपासणी करा. औषध आहे, पण रोग ओळखावा लागतो.

चोबेत सकाळी जीप आणि दुपारी बोट हा क्रम ठेवा. सिंह-बिबटे पहाटे हालचालीत सापडतात. हत्ती दुपारी तीननंतर पाण्यावर उतरतात आणि सोंड वर धरून पोहत सेडुडू बेटावर चरायला जातात. याच बेटावरून बोत्स्वाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १९९९ मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. मोठ्या दुमजली बोटीपेक्षा आठ-दहा जणांची सपाट तळाची बोट मागा, ती काठाजवळ जाते आणि नजर पाण्याच्या पातळीवर राहते. दुर्बीण ८ × ४२ ची पुरे, डुलत्या बोटीत जास्त शक्तीच्या दुर्बिणीतलं चित्र हलतं. दोघांत एक असावी.

जीप उंच असते आणि वाळूच्या वाटेवर आदळते. सासूबाईंना ड्रायव्हरच्या लगेच मागची रांग द्या. मागची सर्वांत जास्त उसळते. चढायला छोटा स्टूल ठेवायला सांगा. प्राणी जवळ असताना उभं राहायचं नाही. बसलेल्या माणसांची जीप प्राण्याला एकच मोठी वस्तू वाटते, उभ्या माणसाने तो आकार मोडतो. लघवीसाठी ठरलेल्या जागीच उतरता येतं, म्हणून निघण्याआधी चहा कमी. चार सकाळी सलग जीप नको. तिसऱ्या दिवशी सासूबाई आणि मुलगी लॉजवर राहू देत.

जेवणाचं आधी लेखी कळवा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलं तर मासा किंवा कोंबडीचा रस्सा येऊ शकतो. 'मांस, कोंबडी, मासे, अंडं, हाडांचा रस्सा नको' असं सुटं लिहा. झिंबाब्वेत साड्झा आणि झांबियात न्शिमा म्हणतात ती मक्याच्या पिठाची घट्ट उकड सासूबाईंना आवडेल. बरोबर पालेभाजी मिळते, कधी शेंगदाण्याचं कूट घातलेली. मात्र मोपाने नावाच्या झाडावरच्या सुकवलेल्या अळ्या चकण्यासारख्या ठेवलेल्या असतात, त्या उचलण्याआधी विचारावं. बोत्स्वानाच्या सीमेवर लाळ-खुरकताच्या भीतीने बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतात आणि मांस-दुधाचे पदार्थ काढून घेतात. म्हणून तुपातले लाडू झिंबाब्वेतच संपवा. चिवडा, थेपले, मेतकूट चालतात.

झिंबाब्वेत अमेरिकी डॉलर चालतात, पण सुटे मिळत नाहीत. एक, पाच आणि दहाच्या नोटा भरपूर न्या, नव्या आणि न फाटलेल्या. विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च आणि कनूचा स्पष्ट उल्लेख हवा. बऱ्याच स्वस्त पॉलिसी पाण्यावरचे खेळ वगळतात.

परतल्यावर तीन महिन्यांत कोणालाही ताप आला, अगदी गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी, त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करा. जून-जुलैत नाशिकला तापाची साथ असतेच आणि डॉक्टर आधी डेंगी किंवा विषाणूजन्य ताप धरतील. तेव्हा दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हे बोला: "आम्ही आफ्रिकेत झांबेझीकाठी जाऊन आलोय."